कच्चं मडकं

मोठ्या माणसांची चरित्रं वाचून मला लहानपणापासून एकच गोष्ट मिळत आली आहे, ती म्हणजे न्यूनगंड. शाळेत बक्षीस म्हणून जी पातळ पातळ पुस्तकं मिळायची ना, ती आठवा जरा. त्यातला नायक पाळण्यातच हुशार. गरिबी असते, पण तीसुद्धा कशी एकदम शिस्तीतली. तो रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करतो, कधी खोटं बोलत नाही, कधी कंटाळत नाही, आणि गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री त्याच्या पोटात गोळा तर बिलकुल येत नाही. पुस्तक मिटलं की आपल्याला कळून चुकतं, आपण काही ह्या मातीचे नाही. मग आपण मुकाट्याने क्रिकेट खेळायला जातो.

आता त्या पातळ पुस्तकांची जागा लिंक्डइनने घेतली आहे. इथे अपयशाला परवानगी आहे, पण एका अटीवर. गोष्टीच्या शेवटच्या ओळीपर्यंत तुम्ही स्वतःची कंपनी काढलेली असली पाहिजे. ज्याची नोकरी गेली आणि अजून मिळालेली नाही, ज्याचं लग्न मोडलं आणि तो अजून सावरलेला नाही, त्याने तिथे काय लिहायचं? तो लिहीतच नाही. तो फक्त दुसऱ्यांच्या गोष्टी वाचतो आणि रात्री दोन वाजता फोन उलटा ठेवतो.

ह्याच्या बरोबर उलटा अनुभव मला एका अनपेक्षित पुस्तकाने दिला. बायबलने.

घाबरू नका, हा धर्मप्रचार नाही. मी ख्रिस्ती नाही. मी धामणगाव रेल्वेचा. नावातच रेल्वे असलेलं आमचं गाव वर्धा आणि बडनेऱ्याच्या मधे मेन लाइनवर आहे. आजूबाजूला कापूस, सोयाबीन, तूर. जवळच वर्धा नदीकाठी कौंडिण्यपूर, म्हणजे साक्षात रुक्मिणीचं माहेर. तिथून आषाढीला रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते. थोडक्यात काय, तर आमच्याकडे देवाधर्माचा तुटवडा कधीच नव्हता. तरी बायबल वाचलं त्याचं कारण लक्ष्मीबाई टिळक.

पुण्याहून गावी जायला महाराष्ट्र एक्सप्रेससारखी सावकाश गाडी दुसरी नाही. प्रत्येक स्टेशनची विचारपूस करत ती जाते. अशाच एका प्रवासात 'स्मृतिचित्रे' वाचलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मोठे कवी. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबलच्या नव्या कराराची प्रत दिली, आणि पुढे १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे पाहा, आमच्या गावावरून जी हावड्याची लाइन जाते, तीच पुढे नागपूर ओलांडून राजनांदगावला जाते. गावाबद्दल अभिमान वाटण्याची अशी कारणं आम्हाला शोधून काढावी लागतात.

पण मला खरा धक्का दिला तो लक्ष्मीबाईंनी. टिळक १९१९ साली गेले. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून पुस्तकरूपाने यायला लागलं. तोवर टिळक हे महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचे जवळजवळ संतच झाले होते. त्यांच्या बायकोने लिहिलेलं पुस्तक म्हणजे आरतीच असणार, असं कुणालाही वाटलं असतं. ह्या बाईने काय केलं? नवऱ्याचा संताप लिहिला, पैशाची बेफिकिरी लिहिली, न सांगता घर सोडून निघून जायची खोड लिहिली. धर्मांतरानंतर तिची स्वतःची काय अवस्था झाली, ते लिहिलं. आणि हे सगळं अशा हसतखेळत भाषेत, की पुस्तक संपतं तेव्हा टिळक लहान झालेले नसतात. उलट पहिल्यांदाच खरे वाटायला लागतात. मला प्रश्न पडला, नवऱ्याबद्दल इतकं प्रेमाने आणि इतकं खरं लिहायचं धैर्य ह्या बाईला कुठून आलं? तिचा स्वभाव आणि तिची बुद्धी तर होतीच. पण ती ज्या ग्रंथाच्या सहवासात राहिली, त्याचाही ह्यात हात असावा असं मला वाटलं. म्हणून तो ग्रंथ उघडला.

मराठीला हा ग्रंथ काही नवा नाही. फादर थॉमस स्टीफन्स ह्या मूळच्या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली गोव्यात 'ख्रिस्तपुराण' छापलं, ते ओव्यांमध्ये. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची बरीच वर्षं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबल सोप्या मराठीत आणण्यात घातली. त्या १९२२ साली गेल्या आणि त्यांचं भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झालं. आपल्या काळातलं म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल'. तेव्हा भाषेची सबब चालणार नाही.

आता बायबलमधली माणसं. माझी अपेक्षा होती सरळ: पांढरी दाढी, हातात काठी, चेहऱ्यावर तेज. आणि निघाली कोण? याकोब म्हाताऱ्या आंधळ्या बापाला फसवून भावाचा आशीर्वाद लाटतो. नोहा जलप्रलयातून वाचल्यावर द्राक्षमळा लावतो आणि दारू पिऊन तंबूत उघडा पडतो. योनाला पूर्वेला जायला सांगितलं तर तो पश्चिमेच्या जहाजाचं तिकीट काढतो. थोमा म्हणतो, स्वतः हात लावून पाहिल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही (ह्याला आमच्याकडे टेस्टिंग टीममध्ये लगेच घेतलं असतं).

मोशेचीच गोष्ट घ्या. इजिप्तच्या गुलामगिरीतून अख्खं राष्ट्र बाहेर काढायचं काम त्याला मिळतं. आणि तो काय करतो? सबबी सांगतो. मी कोण लागून गेलो? लोकांनी तुझं नाव विचारलं तर काय सांगू? त्यांनी विश्वास नाही ठेवला तर? मला नीट बोलता येत नाही, माझी जीभ जड आहे. सगळ्या सबबी संपल्यावर शेवटी सरळ म्हणतो, दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. देव चिडतो, पण त्याची जीभ काही सुधारत नाही. जोडीला भाऊ देतो, अहरोन. तो बोलेल, तू सांग.

ज्यांनी वऱ्हाडातून येऊन पुण्या-मुंबईच्या ऑफिसात पहिला क्लायंट कॉल घेतला आहे, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज नाही. "काहून" तोंडातून निसटू नये म्हणून आधी मनात वाक्य जुळवायचं, मग त्याचं इंग्रजी करायचं, तोवर मीटिंगमध्ये विषय बदललेला असतो. आपल्याला सगळे सांगतात, कॉन्फिडन्स वाढव. मोशेला कुणी हे सांगत नाही. त्याला माणूस जोडून देतात.

पण माझा सगळ्यात आवडता एलीया. हा संदेष्टा कर्मेल डोंगरावर एकटा राजसत्तेसमोर उभा राहतो आणि जिंकतो. करिअरचा परमोच्च बिंदू म्हणतात ना, तो. आणि लगेच पुढच्याच अध्यायात राणीची धमकी येते आणि हा पळत सुटतो. नोकराला मागे ठेवतो, रानात दिवसभराची वाट चालून जातो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. आता पुरे झालं, म्हणतो. मी काही माझ्या वाडवडिलांपेक्षा चांगला नाही. आणि झोपी जातो.

इथे कुठल्याही प्रेरणादायी पुस्तकात काय झालं असतं? भाषण. "ऊठ, तू विजेता आहेस" वगैरे. बायबलमध्ये देवदूत येतो आणि त्याला जेवायला उठवतो. निखाऱ्यांवर भाजलेली भाकरी, पाण्याचा तांब्या. तो खातो, पाणी पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो. नंतर पुन्हा उठवतो ते पुन्हा जेवायलाच, कारण पुढचा रस्ता लांबचा आहे. मरण मागितल्याबद्दल एक शब्द नाही. कृतघ्न म्हणणं नाही. चौकशी होते ती खूप नंतर, चाळीस दिवस चालून तो डोंगरावर पोचल्यावर, आणि तीही कशी, तर तू इथे काय करतो आहेस इतकीच. तो म्हणतो मी एकटाच उरलोय. उत्तर मिळतं की तसं नाही, तुझ्यासारखे सात हजार आहेत. शिवाय त्याला एक सोबती मिळतो, अलीशा.

ह्या गोष्टीचा क्रम बघा. भाकरी, झोप, परत भाकरी, मग बोलणं, मग काम आणि सोबत. आपण खचलेल्या माणसाच्या बाबतीत हा क्रम बरोब्बर उलटा लावतो. आधी उपदेश, मग तुलना ("शेजारच्याचं बघ"), आणि जेवायचं विचारलं तर विचारलं.

मार्कची गोष्ट आमच्या क्षेत्रातली वाटावी अशी आहे. पौल आणि बर्णबा मोहिमेवर निघतात, सोबत हा तरुण मुलगा. तो अर्ध्यातून सोडून घरी परततो. पुढच्या मोहिमेला बर्णबा म्हणतो, त्याला परत घेऊ. पौल म्हणतो, अजिबात नाही. दोघांत इतकं कडाक्याचं भांडण होतं की दोन मोठी माणसं वेगवेगळ्या दिशांना निघून जातात. बर्णबा मार्कला घेऊन जातो. बर्‍याच वर्षांनी पौलाच्या नावावरच्या एका पत्रात, कैदेतून, निरोप येतो की मार्कला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. मधल्या काळात काय झालं ते ग्रंथ सांगत नाही. इतकंच कळतं की कुणीतरी एकाने त्याला दुसऱ्यांदा टीममध्ये घेतलं होतं.

आणि पेत्र. गुरूला अटक झाली आहे, अंगणात कोळशाची शेकोटी पेटली आहे, आणि एक मोलकरीण विचारते, तूही त्यातलाच ना? शिष्यांमधला हा सर्वांत मोठा शिष्य तीन वेळा म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. कोंबडा आरवतो, पेत्र बाहेर जाऊन रडतो. चारही शुभवर्तमानांत हे लिहिलेलं आहे. परंपरा असं मानते की मार्कच्या नावावरचं शुभवर्तमान पेत्राच्या आठवणींवरून लिहिलं गेलं, आणि हा मार्क म्हणजे अर्ध्यातून सोडून गेलेला तोच. म्हणजे परंपरा खरी धरली तर पळून गेलेल्या माणसाने नाकारणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकून ही गोष्ट लिहिली. ह्याहून चांगला लेखक कुठून आणणार?

योहानाच्या शुभवर्तमानात शेवटी तळ्याकाठी पुन्हा एक कोळशाची शेकोटी येते. तिच्यावर मासे भाजलेले आहेत, भाकरी आहे. इथेही आधी न्याहारी, मग प्रश्न. आणि प्रश्न तीन वेळा, माझ्यावर प्रेम आहे का? जितक्यांदा नाकारलं तितक्यांदा सांगायची संधी. त्यानंतर तरी पेत्र पक्का झाला का? नाही हो. पुढे अंत्युखियात तो परजातीयांबरोबर जेवत असतो, आणि यरुशलेमहून काही कर्मठ मंडळी आल्यावर घाबरून पंगतीतून उठतो. पंगतभेद! पौल त्याला सगळ्यांदेखत सुनावतो. आपल्या महाराष्ट्रात ह्या प्रसंगाला तळटीप लागत नाही. मला दिलासा ह्याचाच जास्त वाटतो. भीती एकदा जिंकली की कायमची गेली असं नाही. ती दुसऱ्या पंगतीला परत येते.

आता तुम्ही म्हणाल, हे बरं आहे. मोठे चुकले, आपणही चुकू, मस्त. "शेवटी आपण माणसंच."

नाही. इथेच खरी मेख आहे, आणि त्यासाठी दावीद राजाची गोष्ट पाहायला पाहिजे. हा गोफणीने गल्याथला मारणारा, स्तोत्रं रचणारा, देवाचा लाडका राजा. सैन्य लढाईवर गेलेलं असताना तो राजवाड्याच्या गच्चीवरून बथशेबाला बघतो, माणसं पाठवून तिला आणवतो. ती गरोदर राहिल्यावर तिच्या नवऱ्याला, उरीयाला, आघाडीवर अशा ठिकाणी उभं करायचा हुकूम देतो की तो मरेलच. हुकमाचं पत्र घेऊन जातो स्वतः उरीयाच. ह्याला मी कमजोरी म्हणत नाही. हा गुन्हा आहे, सत्तेच्या जोरावर केलेला.

ग्रंथही त्याला कमजोरी म्हणत नाही. एलीयाकडे भाकरी जाते, दावीदाकडे नाथान जातो. नाथान एक गोष्ट सांगतो: एका श्रीमंताकडे ढीगभर मेंढरं, गरिबाकडे पोरीसारखी वाढवलेली एकच कोकरी. पाहुणा आल्यावर श्रीमंत ती एकुलती एक कोकरी हिसकावून कापतो. राजा संतापतो, असल्याला मरणच पाहिजे, म्हणतो. नाथान त्याला सांगतो, तो श्रीमंत म्हणजे तूच. दावीद कबूल करतो. पण कबुलीने उरीया परत येत नाही, आणि पुढे राजाच्या घराची जी वाताहत होते ती पानंच्या पानं चालते.

गंमत म्हणजे बायबलमध्ये दावीदाचं चरित्र दोनदा आलं आहे. शमुवेलाच्या ग्रंथात हे सगळं आहे. नंतरच्या 'इतिहास' नावाच्या ग्रंथात दावीदाचं राज्य, मंदिराची तयारी, सगळं आहे, फक्त बथशेबाचं प्रकरण गायब! म्हणजे प्रतिमा स्वच्छ ठेवायची खोड तेव्हाही होतीच. पण ज्यांनी हे ग्रंथ एकत्र केले त्यांनी दोन्ही व्हर्जन ठेवली, जुनं डिलीट केलं नाही. आणि मत्तयाने तर येशूची वंशावळ देताना शलमोनाच्या आईचं नाव न लिहिता 'उरीयाची बायको' असं लिहिलं. हजार वर्षांनंतरही मेलेल्या शिपायाचं नाव राजाच्या खानदानात कायमचं टाचून ठेवलं. मला वाटतं, ह्या ग्रंथावर विश्वास बसावा असं काही असेल तर ते हे. चमत्कार राहू द्या बाजूला.

तर माझं म्हणणं असं आहे. आपल्याकडे दुर्बळपणा आणि गुन्हा ह्यांची बिलं उलटसुलट फाटतात. वरच्या माणसाने गुन्हा केला तर ती "चूक" होते, "दबाव होता", "तोही माणूसच आहे". खालच्या माणसाने नुसता धीर सोडला तर तो गुन्हा होतो. ज्या मॅनेजरच्या ओरडण्यामुळे तीन पोरं टीम सोडून गेली त्याचा "स्वभाव थोडा तापट" असतो, आणि ज्या मुलीने ताणामुळे दोन आठवडे रजा मागितली ती "कमिटेड नाही". बायबलमधल्या गोष्टी हे बिल योग्य माणसाच्या नावे फाडतात. थकलेल्याला, घाबरलेल्याला, शंका येणाऱ्याला भाकरी. सत्ता वापरून दुसऱ्याला चिरडणाऱ्याला नाथान. दोन्हीला आपण सरसकट "मानवी दुर्बलता" म्हटलं की फायदा नेहमी दावीदाचा होतो.

हे सगळं मला पोथीतलं वाटलं नाही त्याला कारण आहे. आमच्याच भागातला एक मुलगा, पुण्यात नोकरीला. २०२३ मध्ये त्याच्या कंपनीने त्याला काढलं. चार महिने त्याने घरी सांगितलं नाही. रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन अभ्यासिकेत जाऊन बसायचा, कारण रूममेटलाही सांगितलं नव्हतं. दिवाळीला उसने पैसे घेऊन आईला साडी घेऊन गेला. गावात उतरल्या उतरल्या चौकात प्रश्न, "काय बे, मोठा सायेब झाला न आता?" काय उत्तर देणार? पुढे कधीतरी ते बाहेर आलं, आणि तेव्हा हेही बाहेर आलं की त्याच्या वडिलांनी त्याच्यापासून दुबार पेरणी आणि सोसायटीचं थकलेलं कर्ज लपवलं होतं. पोराच्या डोक्याला ताप नको म्हणून. एकाच घरात दोन माणसं, दोघं एकमेकांसमोर भक्कम असल्याचं नाटक करत होती, आणि दोघं आतून पोखरलेली. त्याला आता दुसरी नोकरी आहे, आधीपेक्षा कमी पगाराची. कंपनी वगैरे काढलेली नाही, त्यामुळे लिंक्डइनवर ही गोष्ट तुम्हाला दिसणार नाही.

अमरावती आणि यवतमाळ हे जिल्हे महाराष्ट्राला कशासाठी ठाऊक झाले आहेत, ते मी सांगायची गरज नाही. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर गोष्टी हा इलाज आहे असं म्हणण्याइतका मी बावळट नाही. तिथे कापसाला भाव लागतो, वेळेवर कर्ज लागतं, पाणी लागतं. एलीयाची गोष्टही तेच तर सांगते, आधी भाकरी. पण भाकरीच्या पुढचाही एक भाग आहे. "मी हरलो" हे वाक्य बापाने पोरासमोर आणि पोराने बापासमोर म्हणायला जागा लागते. ती जागा अशा गोष्टी तयार करतात. ज्या समाजाचे सगळे मोठे लोक निर्दोष असतात, त्या समाजात लहान माणसाला तोंड उघडायची सोय राहत नाही.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. ह्यासाठी बायबलच कशाला? आपल्याकडे नाही का?

आहे ना! तेच तर सांगायचं आहे. बायबल वाचल्यावर मला आपल्याच गोष्टी नव्याने दिसायला लागल्या. ज्ञानेश्वर आपल्याला माहीत आहेत ते भिंत चालवणारे. पण लोकांच्या बोलण्याने दुखावून झोपडीचं दार लावून आत बसलेले ज्ञानेश्वरही आपल्याच परंपरेत आहेत, आणि बाहेर उभी राहून दार उघडायला विनवणारी धाकटी बहीण मुक्ताबाई आहे. ताटीचे अभंग म्हणतात ते हेच. एलीयाचं झुडूप आणि ज्ञानेश्वरांची ताटी ह्यांत मला तरी फार अंतर दिसत नाही. तुकारामांचं दिवाळं निघालं, दुष्काळात घरची माणसं गेली, आणि मनाची घालमेल त्यांनी स्वतः अभंगांत उघड केली. फार काय, आमच्या कौंडिण्यपूरची लेक रुक्मिणी रुसून दिंडीरवनात गेली म्हणून तिचं मंदिर पंढरपुरात वेगळं, असं सांगतात. ज्यांच्याकडे देवसुद्धा रुसतात, त्यांनी माणसाने रडायला बंदी घालावी हे आश्चर्यच आहे.

पण सगळ्यात थेट गोष्ट नामदेवांची. गोरोबाकाकांच्या घरी, तेरला, संतमंडळी जमली आहेत. मुक्ताबाई म्हणतात, काका, तुमच्या थापटण्याने जरा ही मडकी तपासा बरं, कोणतं कच्चं राहिलंय. गोरोबा एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत जातात, सगळे शांत बसतात. नामदेव चिडतात. निकाल लागतो, हे मडकं कच्चं. ज्यांच्या हातचा नैवेद्य विठ्ठलाने खाल्ला, त्यांना भर सभेत कच्चं म्हटलं. अपमान सहन न होऊन ते विठ्ठलाकडे तक्रार घेऊन जातात, तिथेही गुरू करायचाच सल्ला मिळतो, आणि ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे जातात. त्याच नामदेवांची ६१ पदं पुढे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात गेली.

ही गोष्ट वारकऱ्यांनी लपवली नाही, सातशे वर्षं कीर्तनातून सांगितली. आणि बायबलमध्येही एक कुंभार आहे बरं का. यिर्मया संदेष्टा त्याच्या घरी जातो तेव्हा चाकावरचं मडकं बिघडतं, आणि कुंभार तोच गोळा घेऊन दुसरं घडवतो. पुढच्याच अध्यायात यिर्मया भाजलेलं मडकं लोकांदेखत फोडतो. ते मात्र पुन्हा जोडता येत नाही.

तेरचा निकाल आणि यिर्मयाची दोन मडकी शेजारी ठेवून पाहिली, तर मला एक अर्थ दिसतो. नामदेवांना कच्चं म्हणवून घेताना राग आला, आपल्यालाही येतो. पण बिघडलं तर पुन्हा घडवता येतं ते कच्च्यालाच. आपला त्रास कच्चेपणाचा नाही, पक्कं असल्याचं सोंग करण्याचा आहे. ते सोंग लिंक्डइनवरही चालतं आणि धामणगावच्या चौकातही.

असो. शनिवार आहे म्हणून इतकं लांबलं. एवढंच सांगतो: ह्या शनिवारी-रविवारी घरी फोन कराल तेव्हा "सगळं मस्त" ह्याच्या पुढचं एखादं वाक्य बोलून बघा. आणि समोरून तसं वाक्य आलं, तर लगेच उपदेश करू नका. आधी जेवलात का ते विचारा.